भोक छताला नको, तळाला हवं
बसचं घर करून राहताना खिडक्या उघड्या ठेवल्या की आतल्या स्वयंपाकाला गॅसची भीती नाही, असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळला की खिडकीपर्यंत चढत नाही, खाली साचतो, आणि मुलांची अंथरुणं नेमकी तिथेच असतात!

आम्ही जुन्या मिनीबसमध्ये संसार मांडला तेव्हा छताला पंखा लावून निर्धास्त होतो. एका पहाटे खाली झोपलेली धाकटी म्हणाली, "आई, वास येतोय." उभ्यानं मला काहीच येत नव्हता. रेग्युलेटर नीट बसला नव्हता. नंतर सिलिंडरला आतून पूर्ण बंद, बाहेरून उघडणारा कप्पा केला, त्याच्या तळाला थेट रस्त्याकडे भोक ठेवलं आणि गॅसचा अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर लावला.