विषय: आईचा ईसीजी – ‘जुना इन्फार्क्ट’ म्हणजे काय?

नमस्कार मंडळी,

आई पुण्याहून इथे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आली आहे. मार्चमध्ये तिला हार्ट अटॅक येऊन स्टेंट बसवला. परवा छातीत जळजळ होते म्हणाली, म्हणून क्लिनिकला नेलं. ईसीजीवर मशीननेच छापलं होतं, ‘जुना इन्फार्क्ट, काळ अनिश्चित’. तिथून इमर्जन्सीत पाठवलं. रात्रभरात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलं नाही, दुसरा ईसीजीही तसाच आला, सकाळी घरी सोडलं. पण आईने धसका घेतलाय. “स्टेंट टाकला, औषधं वेळेवर घेते, मग कागदावर अटॅक अजून कसा?” तिला काय सांगू?

---

दादा,

मी निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ. आईंना सांगा, इन्फार्क्ट म्हणजे रक्ताअभावी मेलेला स्नायू; तो जुन्या जखमेचा व्रण आहे, नवी जखम नव्हे. स्टेंटने रक्तवाहिनी उघडते, पण तोवर मेलेला स्नायू परत येत नाही.

अटॅकच्या पहिल्या काही मिनिटांत ईसीजीच्या रेषेतली टी वेव्ह (प्रत्येक ठोक्याच्या शेवटची लाट) उंच आणि रुंद होते, मग एसटीचा भाग (टीच्या आधीचा सपाट तुकडा) वर उचलला जातो. पुढच्या तासांत-दिवसांत क्यू वेव्ह (टोकदार उंचवट्याआधी रेषेत पडणारा खड्डा) खोल होते, एसटी खाली बसतो, टी उलटी होते. टी काही महिन्यांनी सरळ होऊ शकते. क्यू मात्र बहुधा जन्मभराची, कारण मेलेल्या स्नायूतून वीज वाहत नाही. कागदावरचा छोटा चौकोन म्हणजे 0.04 सेकंद, रोगाची क्यू साधारण तेवढी किंवा जास्त रुंद असते. लीड म्हणजे ईसीजीने हृदयाकडे पाहण्याची एकेक दिशा. क्यू लीड 2, 3 आणि एव्हीएफमध्ये दिसली तर हृदयाची खालची भिंत, व्ही1 ते व्ही4 मध्ये दिसली तर पुढची.

काहींचा एसटी कित्येक आठवड्यांनंतरही वरच राहतो. तिथे भिंतीला फुगवटा आलेला असू शकतो. जुना ईसीजी समोर नसेल तर असा कागद ताज्या अटॅकसारखा दिसतो, आणि रात्रपाळीच्या डॉक्टरला धोका पत्करता येत नाही. तुमच्या क्लिनिकने पाठवलं ते योग्यच केलं. म्हणून डिस्चार्जच्या वेळचा ईसीजी कायम जवळ हवा.

मात्र छातीत दुखलं तर कागद शोधत बसू नका, आधी 911 ला (इथल्या आपत्कालीन नंबरला) फोन करा. अटॅकमध्ये पहिला ईसीजी नॉर्मलही येतो, म्हणून तो पुन्हापुन्हा काढतात.

---

डॉक्टरकाका, एक भर घालते. ती पट्टी थर्मल कागदाची असते, वर्षा-दोन वर्षांत पुसट होते. आमच्या बाबांची जपावी म्हणून मी लॅमिनेट करायला दिली, तर उष्णतेने सगळी काळीठिक्कर पडली. तेव्हाचा दुसरा ईसीजी आमच्याकडे नव्हता. आजच फोटो काढा, झेरॉक्स करून ठेवा.

---

काका, ताई, मनापासून आभार. भावाने पुण्याच्या फाईलमधून एप्रिलचा ईसीजी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. परवाच्या कागदाशेजारी ठेवला. लीड 3 आणि एव्हीएफमध्ये तोच खड्डा, तेवढाच. आईने चष्मा लावून दोन्ही पाहिले आणि म्हणाली, “म्हणजे हा तेव्हाचाच.” काल रात्री ती नीट झोपली.