सीटबेल्टच्या बोल्टाजवळचा पत्रा सडलाय. गाडी दुरुस्त करावी की मोडीत काढावी?

अमळनेरचा मास्तर

नमस्कार मंडळी. मी अमळनेरला राहतो, पारोळा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. २०२४ च्या दिवाळी पाडव्याला एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक घेतली, २ लाख १५ हजारांना. पासिंग एमएच ०५, म्हणजे कल्याणचं. रंग नवाकोरा, इंजिन शांत, एसी थंडगार. घरात पहिलीच चारचाकी, पेढे वाटले.

पावसाळ्यात डावं पुढचं टायर आतल्या बाजूनं झिजायला लागलं. दोनदा अलाइनमेंट केली, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. स्पीडब्रेकरवर खालून 'कट्ट' असा आवाज यायचा. शेवटी गावातल्या मिस्तरीनं गाडी रॅम्पवर चढवली, खालून बघितलं आणि म्हणाला, "सर, हाई गाडी खालथून सडेल शे."

मला खरं वाटेना. मग त्यानं डाव्या दरवाजाचं रबर ओढून काढलं, उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी उचकटली. मधल्या खांबाच्या पायथ्याशी, जिथं सीटबेल्टचा बोल्ट असतो तिथं, पेचकस टेकवला. ठोकला नाही, नुसता अंगठ्यानं दाबला. मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर तांबडे पापुद्रे गळाले आणि त्यांच्यामागून बारीक, वाळलेला, पिवळसर गाळ. मी तो हातात घेऊन चोळून बघितला. नदीचा गाळ असतो तसा.

त्या सीटवर माझी आई बसते. तिला बेल्ट आवडत नाही, म्हणून धुळ्याला डोळे दाखवायला नेताना दर वेळी मी स्वतः वाकून तिचा बेल्ट लावत होतो. तो बेल्ट सडक्या पत्र्याला बांधलेला होता. चार दिवस झाले, झोप नाही.

एक डेंटर म्हणतो, सहा हजारांत पत्रा मारून वरून डांबर फासून देतो. डीलर म्हणतो, जशी होती तशी दिली. काय करू? आणि तक्रार करायची तर कुणाकडे?

धुळ्याचा डेंटर

सर, तो सहा हजारवाला पत्रा मारू देऊ नका. मी २२ वर्षं हेच काम करतोय.

आपल्या कारला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. तळ, दोन्ही बाजूंचे रनिंग बोर्ड (दरवाजाखालचे उंबरे), खांब, छत, हे सगळं मिळूनच तिची चेसिस. रनिंग बोर्ड ही आतून पोकळ पेटी असते, दोन-तीन पत्रे स्पॉट वेल्डिंगनं जोडून केलेली. धडक बसली की तिचा जोर या पेटीतून मागं वाटला जातो. वरून पत्रा चिकटवला तर आतला सडका तसाच राहतो, आणि डांबरानं आत कोंडलेलं पाणी नवा पत्राही खाऊन टाकतं. वरून मात्र काळंभोर, झकास दिसतं. अशा किती गाड्या मी उघडल्यात!

नीट काम म्हणजे चकचकीत लोखंड लागेपर्यंत सडका भाग कापायचा, कंपनीचा पार्ट किंवा त्याच जाडीचा पत्रा घ्यायचा आणि मूळ स्पॉट होते त्या जागी सीओटू वेल्डिंग (कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात विजेनं होणारं) करायचं. गॅसच्या ज्योतीचं नको, त्याच्या उष्णतेनं आजूबाजूचा पत्रा मऊ पडतो. आधी बॅटरी काढायची. सीट, बेल्ट, कार्पेट बाहेर. बेल्टवर एक ठिणगी पडली तरी तो बेल्ट बाद. शेवटी झिंक प्रायमर आणि पेटीच्या आत मेणाचं कोटिंग. तळाखालून जाणारा ब्रेकचा पाइपही बोट फिरवून बघा, तो लोखंडीच असतो.

पण अलाइनमेंट टिकत नाही म्हणता, त्याची मला जास्त धास्ती वाटते. लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, जिथं बसतो तिथला पत्रा हलत असेल तर मी ते काम हातात घेणार नाही.

एक करा. बेल्ट शेवटपर्यंत, अगदी थांबेपर्यंत बाहेर ओढा आणि त्यावर डागाची आडवी रेघ दिसते का ते सांगा.

चोपड्याचा भाऊ

एवढं घाबरू नका. माझी २००५ ची गाडी आजही टणटणीत आहे. आपल्या खान्देशात ४५ डिग्रीचं ऊन, गंज धरायला ओल पाहिजे ना!

अमळनेरचा मास्तर

भाऊ, तुमची गाडी पहिल्या दिवसापासून आपल्या उन्हात असेल. माझी एमएच ०५ ची आहे. आरसीवर आधीच्या मालकाचा पत्ता बदलापूरचा आहे.

रावेरचा केळीवाला

ऊन असून काय उपयोग भो. मी सहा वर्षं डिकीत पोटॅशच्या गोण्या वाहिल्या. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे मीठच, गोणी जरा फाटली की दाणे कार्पेटखाली जातात आणि ओल धरून बसतात. गेल्या वर्षी स्टेपनी काढली तर खालचा रस्ता दिसला. सगळ्यांनी डिकीतलं कार्पेट उचलून बघा. दरवाजाच्या खालच्या कडेला आणि वायपरखालच्या जाळीत पाणी निघायची भोकं असतात, तीही तारेनं मोकळी करा. केळीच्या पानाचा कचरा त्यातच अडकतो.

पुण्यातला जळगावकर

मी गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे. बदलापूर वाचून लगेच २७ जुलै २०१९ आठवला. उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली होती तो दिवस. तेव्हा त्या भागात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. मास्तरांना गाळ सापडलाय म्हणून सांगतो.

ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या गाड्यांची दरवर्षी एमओटी नावाची सरकारी तपासणी होते. सीटबेल्ट, स्टिअरिंग, सस्पेन्शन, ब्रेक जिथं बसवलेले असतात, त्या जागेपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमकुवत झालेला सापडला तर गाडी नापास. आपल्याकडे खासगी कारला नोंदणीनंतर १५ वर्षं कुणी खालून बघतच नाही. पीयूसीवाला धूर मोजतो, विमावाला बाहेरून फोटो काढतो. मास्तरांच्या गाडीची पाळी २०२८ ला आली असती. म्हणून टेप घ्या आणि बेल्टच्या बोल्टापासून ३० सेंटिमीटर मोजून पत्रा वाजवत जा. चांगला पत्रा टणत्कार देतो, सडका बद्द वाजतो.

आणखी एक. आपल्याकडे समोरच्या धडकेची चाचणी नव्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१७ पासून आणि चालू मॉडेलांना ऑक्टोबर २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांचा सांगाडा मुळातच बेताचा. धडक चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेनं २०१४ मध्ये आपल्या बाजारातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरनं आदळवल्या, पाचही शून्य तारे. अशा गाडीत गंजाला सूट द्यायला जागा नाही.

चाळीसगावचा ग्राहक कार्यकर्ता

तक्रारीचं सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ११०-अ आलं, त्याखाली सरकार सदोष गाड्या परत बोलवायला लावू शकतं. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू. पण तो सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना आणि बनावटीतल्या दोषाला, तेही मुख्यतः ठरावीक संख्येनं मालकांनी तक्रार केली तर. तुमची गाडी १२ वर्षांची आणि दोष पुराचा, त्यामुळे कंपनीकडे जाऊन हाती काही लागणार नाही.

डीलरची गोष्ट वेगळी. पुरात बुडालेली गाडी ते लपवून विकणं हा अनुचित व्यापार आहे, 'जशी होती तशी' म्हणून त्यातून सुटका नाही. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर नोंद करा, मग रजिस्टर पोस्टानं नोटीस, मग जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची आहे, घालवू नका. पुरावा जमवा: चेसिस नंबरवरून सर्व्हिसचा इतिहास, आणि २०१९ नंतरच्या पॉलिसीत एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्यावर आला होता का ते. आला असेल तर त्या वर्षी क्लेम झालाय.

अमळनेरचा मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी मिस्तरीला घेऊन बसलो.

बेल्ट थांबेपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर भागावर चहाच्या डागासारखी आडवी रेघ आहे, चारही बेल्टांवर. म्हणजे पुराचं पाणी आत शिरलं होतं. कार्पेटखालच्या फोममध्ये गाळ. बोल्टापासून ३० सेंटिमीटरमध्ये खडूनं खुणा केल्या, नऊ ठिकाणी बद्द आवाज. लोअर आर्मच्या जागेला केसाएवढी चीर, मिस्तरीनं टॉर्च तिरपा धरला तेव्हा दिसली. डेंटरभाऊ, तुमचं बरोबर निघालं. गाडी आता निंबाखाली उभी आहे, मी शाळेत मोटरसायकलनं जातोय.

१९१५ वर तक्रार नोंदवली. आज दुपारी डीलरचा फोन आला. म्हणाला, कशाला वाढवता, गाडी आणून द्या, १ लाख ६० हजार लगेच देतो, साक्रीकडचं गिऱ्हाईक तयार आहे.

पैशांची मला गरज आहे, खोटं कशाला बोलू. कर्जाचे हप्ते चालू आहेत. पण साक्रीच्या त्या माणसाचीही आई डाव्या सीटवर बसणार. मी त्याला सांगितलं, गाडी पुरातली आहे आणि ती भंगारातच जाईल, पुन्हा विकली जाणार नाही, एवढं स्टॅम्पपेपरवर लिहून दे, मग गाडी ने. त्यानं फोन ठेवला.

चाळीसगाववाले दादा, नोटिशीचा एखादा मसुदा असेल तर पाठवाल का? त्यात पैसे परत मिळण्याबरोबर गाडी भंगारात काढायची अटही घालता येते का, तेवढं सांगा.