वर्तुळं पेशंटमुळे नसतात
सीटी स्कॅनच्या चित्रात नको त्या रेघा असोत की वर्तुळं, पेशंट हलला म्हणूनच येतात, असं म्हणतात ते अर्धंच पटतं. दातातल्या चांदीभोवतीच्या रेघा पेशंट पुतळ्यासारखा पडून राहिला तरी येतात. धातूपलीकडे क्ष-किरण जेमतेम पोचतात, मग चित्र बनवायचं गणित मशीन करणार कशावर?

वर्तुळांचा मामला निराळाच. आजच्या मशीनमध्ये क्ष-किरण सोडणारी ट्यूब आणि ते पलीकडे मोजणारा डिटेक्टर एकत्र फिरतात. त्यामुळे डिटेक्टरचा एखादा तुकडा केंद्रापासून कायम ठरावीक अंतरावरचीच रेषा बघतो. त्याचं माप जरा चुकलं, की तीच चूक प्रत्येक कोनातून त्याच अंतरावर गिरवली जाते आणि चित्रात कडी उमटते. आमच्याकडे एकदा सकाळी पाण्याच्या फँटमवरच (मशीन तपासायला ठेवतात ते पाणी भरलेलं भांडं) अशी कडी दिसली. आता पाणी कुठे हलतंय! एअर कॅलिब्रेशन केलं, म्हणजे मशीन रिकामं ठेवून डिटेक्टरचं माप जुळवलं, कडी गायब.