'रॉकी बाल्बोआ' पाहिला आणि आप्पांचा विचार डोक्यातून जाईना. काय करावं?

रंकाळाकाठ:

नमस्कार मंडळी. प्रश्न सिनेमा विभागात टाकतोय, पण निम्मा घरचा आहे. थोडं लांबेल, तरी वाचा.

गेल्या शनिवारी रात्री पोरानं 'रॉकी बाल्बोआ' लावला. २००६ सालचा, मालिकेतला सहावा. मी लहानपणी व्हिडिओवर फक्त चौथा पाहिला होता, रशियन बॉक्सरबरोबरचा. हाही तसाच शिट्ट्या-टाळ्यांचा असणार असं धरून बसलो. पण पहिला तासभर बॉक्सिंग जवळजवळ नाहीच. रॉकी आता निवृत्त बॉक्सर, बायको एड्रियन कॅन्सरनं गेलेली. फिलाडेल्फियात तिच्या नावानं हा हॉटेल चालवतोय. लाल कोट घालून एकेका टेबलापाशी जातो, जुन्या लढतीची तीच गोष्ट सांगतो, गिऱ्हाइकांबरोबर फोटो काढतो. पहिल्या सिनेमाच्या सुरुवातीला ज्याला यानं हरवलं होतं, तो स्पायडर रिको याच्याकडं फुकट जेवतो आणि तसं जेवणं मनाला लागतं म्हणून भांडी घासायला उभा राहतो. आणि बायकोच्या थडग्याजवळच्या झाडाच्या बेचक्यात यानं एक खुर्ची ठेवली आहे. जायचं, खुर्ची काढायची, बसायचं, तिच्याशी बोलायचं, परत बेचक्यात अडकवून निघायचं.

तिथं मला आमचे आप्पा दिसले.

आप्पा ६१ वर्षांचे. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावातनं चौदाव्या वर्षी कोल्हापूरच्या तालमीत आले. सतरा वर्षं माती अंगाला. शेवटची मोठी कुस्ती एकतिसाव्या वर्षी, पंचवीस मिनिटं चालली आणि पंचांनी बरोबरीत सोडवली. त्यानंतर घर, साखर कारखान्यात वजनकाट्यावरची नोकरी, आम्ही दोघं भावंडं. ती बरोबरीची कुस्ती मी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर त्यांच्या तोंडून शंभरदा तरी ऐकली असेल. "एकदा एकलंगी डावात सापडला होता रे, पण घाम फार होता, हात निसटला." दरवेळी उजवा हात पुढं करून दाखवतात, निसटला तो हात.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. या दिवाळीपासून आप्पा पहाटे चारला उठून तालमीत जायला लागले. पोरांची मेहनत बघायला जात असतील असं वाटलं, बरं वाटलं. मग एक दिवस पंच्याच्या गाठीला तांबडी माती दिसली. विचारलं तर म्हणाले, जोर-बैठका सुरू केल्यात. आता गावच्या जत्रा कमिटीनं चैत्रातल्या मैदानावर जुन्या मल्लांचा नारळ-फेटा देऊन सत्कार ठरवलाय. आप्पांनी निरोप धाडला, "फेटा नको, जोड द्या."

कमिटीनं पंचेचाळिशीतला एक मल्ल सुचवलाही. बहीण रोज फोनवर रडते. माझे दोन प्रश्न आहेत. ज्यांनी सिनेमा पाहिलाय त्यांना साठीतल्या माणसाचं पुन्हा उतरणं पटलं का? आणि माझ्या जागी तुम्ही असता तर थांबवलं असतं का?

ठोसा:

भावा, पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो, कारण ही मालिका मी पारायण केल्यासारखी पाहिली आहे.

मला पटलं, आणि त्याचं कारण एकच प्रसंग. सराव सुरू करायच्या आधी जुना प्रशिक्षक ड्यूक सगळा हिशेब तोंडावर मांडतो. वेग गेला. गुडघे गेले, म्हणजे जोरात पळणं बाद. मानेत संधिवात, सांध्यांत कॅल्शियम साठलेलं, म्हणजे सरावाच्या लढतीही बाद. मग उरलं काय? जड ठोसा. समोरच्याच्या पूर्वजांना लागेल असा. म्हातारा पुन्हा तरुण झाला असं हा सिनेमा कुठंही म्हणत नाही. काय गेलंय ते आधी मोजतो आणि जे उरलंय त्यावर उभा राहतो.

आणि हे घडलेलं आहे. जॉर्ज फोरमन १९७४ साली किन्शासात अलीकडून हरला, १९७७ साली खेळ सोडला, दहा वर्षांनी परत आला. ५ नोव्हेंबर १९९४ ला २६ वर्षांच्या मायकेल मूररसमोर उतरला तेव्हा तो ४५ वर्षांचा होता, आणि अंगात चड्डी किन्शासातलीच. नऊ फेऱ्या मार खाल्ला, तिन्ही पंचांकडं गुणांत मागं होता. दहाव्या फेरीत उजव्याचा एक ठोसा बसला आणि मूरर उठलाच नाही. पाय, वेग, डोळा हे सगळं आधी जातं, ठोशाचं वजन सगळ्यात शेवटी, असं बॉक्सिंगवाले म्हणतात ते यासाठीच.

सिनेमात लढतीचं निमित्त ठरतो तो संगणकावरचा खेळ, जुना रॉकी विरुद्ध आताचा विजेता मेसन डिक्सन असा, तोही निव्वळ कल्पनेतला नाही. १९७० साली रॉकी मार्सियानो विरुद्ध अली अशी 'संगणकानं ठरवलेली' लढत चित्रपटगृहांत दाखवली होती. मार्सियानो १९५६ सालीच ४९ पैकी ४९ जिंकून निवृत्त झालेला. चित्रीकरणासाठी पुन्हा हातमोजे चढवले आणि लढत पडद्यावर यायच्या आधीच विमान अपघातात गेला.

समोरच्या मेसन डिक्सनचं काम केलंय अँटोनियो टार्व्हरनं, तो खराखुरा जगज्जेता. २००४ साली त्यानं रॉय जोन्सला दुसऱ्याच फेरीत संपवलं होतं. त्यामुळं रॉकी झालेल्या स्टॅलोनच्या अंगावर येणारे हात नटाचे नाहीत. स्टॅलोन तेव्हा साठीचा होता.

राजारामपुरी_फिजिओ:

ठोसा यांनी फोरमन सांगितला, मी अली सांगतो. २ ऑक्टोबर १९८०, लास वेगास, समोर लॅरी होम्स, एकेकाळी अलीचाच सरावातला जोडीदार. अली ३८ वर्षांचा. वजन उतरवून देखणा दिसत होता, लोकांना वाटलं जुना अली परत आला. दहा फेऱ्या तो नुसता मार खात राहिला, शेवटी त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडीनं कोपऱ्यातून लढत थांबवली. एका फोरमनमागं असे किती, याचा विचार करा.

सिनेमाबद्दल माझी तक्रार अशी की, १९९० च्या पाचव्या भागात डॉक्टर रॉकीला स्पष्ट सांगतात, मेंदूला इजा आहे, पुन्हा लढायचं नाही. सहाव्या भागात सगळ्या तपासण्या उत्तम आल्या म्हणून एका वाक्यात तो विषय मिटवला. हे मला बेजबाबदार वाटतं. वयानं मेंदू किंचित आक्रसतो, त्याच्या आणि कवटीच्या मधल्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात, आणि तरुणपणी जो हिसका सहज पचतो त्यानं आत रक्त साकळू शकतं. माझ्याकडं येणाऱ्या जुन्या पैलवानांचा मोठा त्रास मान आणि गुडघे. वीस-वीस वर्षं मानेवर घेतलेल्या पकडींचा हिशेब साठीत चुकता होतो. मणक्यातली जागा कमी झालेली असेल आणि वर कोणी मान दाबून खाली ओढली, तर हातापायांची ताकद जाण्यापर्यंत गोष्ट पोचते.

रंकाळाकाठ दादा, मी थांबवा म्हणत नाही. मानेचा एक्स-रे, हृदयाची स्ट्रेस टेस्ट, रक्तदाब, साखर हे बघितल्याशिवाय हो म्हणू नका. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर विषय तिथंच संपला.

रंकाळाकाठ:

दोघांचेही मनापासून आभार. रक्त पातळ करायची गोळी नाही. रक्तदाबाची एक आहे, सहा वर्षं झाली.

फिजिओ, मानेचं वाचून काळजात चर्र झालं. आप्पांना मान वळवून मागं बघता येत नाही, सगळं अंग वळवतात. आम्हाला ती त्यांची ढबच वाटायची.

एक सांगायचं राहिलं. सिनेमात पोरगा भर रस्त्यात बापाला सुनावतो, तुझ्या नावाच्या सावलीत माझं काही उरत नाही, आता लोक तुला हसतील आणि मलाही. बाप त्याला जे उत्तर देतो ते सगळ्यांना पाठ असतं. मला ते पोराचं बोलणं जास्त लागलं. कारण आप्पांनी जोड मागितली हे कळल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं होतं, "लोक काय म्हणतील?"

लाल_माती:

मी सत्तरीतला. नातू टाइप करतोय, मी सांगतोय.

पिक्चर मी बघितला हाय. शेवटच्या लढतीत दोन पंच समोरच्याच्या बाजूला, एक पंच रॉकीच्या बाजूला, आन् हा गडी निकाल पुकारायच्या आधीच लोकांच्या हाताला हात लावत भायेर निघून जातो. नातू सांगतो, पहिल्या पिक्चरात बी दोन विरुद्ध एक असाच हरला हुता. मला ते निघून जाणं लई आवडलं, पर आमच्या मातीत तसं जाता येत न्हाई. आमच्यात पाठ मातीला लागली का न्हाई एवढंच. खासबागचं कुस्ती मैदान शाहू महाराजांनी १९१२ ला बांधलं ते असं खोलगट, की पार वरच्या माणसालाबी पाठ लागलेली दिसती. पंचानं सांगायच्या आधी हजारो माणसं सांगत्यात.

म्हणून बरोबरीची कुस्ती माणसाला जन्मभर खाती. हरला तर हरला, रडून मोकळा. बरोबरीत सुटलेली मिटत न्हाई. तुझ्या आप्पाचा हात निसटला तो अजून निसटतोय. पिक्चरात तो म्हणतो न्हवं, तळघरात काहीतरी राहिलंय, तसंच.

आता कामाचं. साठीच्या गड्याची पकड जात न्हाई, डोकं जात न्हाई, डाव ओळखणं उलट वाढतं. जातो तो दम. पहिली पाच मिनिटं खडाखडीत तो पंचेचाळिशीच्या गड्याला भारी पडंल. सातव्या मिनिटाला तोंड उघडंल. दहाव्याला त्याला स्वतःलाच कळंल. म्हणून दहा मिनिटांची बोली करा, मानेवरचे डाव दोघांनीबी टाळायचे असं पंचासमोर ठरवा. ढाक मारायची न्हाई, मोळी न्हाई. आन् एक ध्यानात ठेवा, समोरच्याला गुपचूप सांगून नुरा, म्हंजे आधीच ठरवलेली कुस्ती लावू नका. हात धरल्या धरल्या तुझ्या बापाला कळंल, आन् मग तो तुला माफ करणार न्हाई.

सगळं इचारलंस, पर एक सांगितलं न्हाईस. तू तालमीत जाऊन बघितलास का त्याला?

रंकाळाकाठ:

काका, नव्हतो गेलो. तुमचं वाचल्यावर दुसऱ्या दिवशी साडेचारला गेलो.

दारातच थांबलो. हौद्यात दोन बल्बांचा उजेड, माती नुकतीच खणलेली, हळद-ताकाचा तो वास. लहानपणी आप्पा घरी आले की हाच वास यायचा, मी विसरून गेलो होतो. आप्पा लंगोटावर. पोट सुटलंय, छातीवरचे केस पांढरे, मोडलेल्या कानांना माती. पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा अंगावर येत होता आणि आप्पा त्याला एकलंगी शिकवत होते. पोरगा सटकला की म्हणायचे, "मनगट नको धरू, कोपराच्या वर धर. घामात मनगट निसटतं." किती वेळा सांगितलं असेल. पंधरा मिनिटांनी भिंतीला टेकून बसले, छाती भात्यासारखी चालली होती. त्या पोरानं तांब्या आणून दिला. पितळेचा, कानाशी पोचा आलेला. आईचा तांब्या. घरातनं तो दिसत नाही म्हणून बहिणीनं दोनदा विचारलं होतं, मीच सांगितलं होतं, मोडीत गेला असेल.

मला बघितल्यावर काही बोलले नाहीत. थंडाई अर्धी ठेवली होती, ती पुढं केली.

येताना रंकाळ्यावरनं चालत आलो. तपासणीचं सगळं सांगितलं. गुरुवारी मानेचा एक्स-रे आणि स्ट्रेस टेस्ट आहे, त्याला हो म्हणालेत. रिपोर्ट वाईट आला तर काय, असं विचारलं. बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तर त्या पोराला उतरवतो. माझ्या जोडीवर नाही, त्याच्या जोडीवर." बहिणीला तांब्याचं सांगितलं. ती रडली, पण वेगळी.

मानेवरचे डाव टाळायलाही तयार आहेत. दहा मिनिटांचं मात्र ऐकत नाहीत. पंचवीस हवी म्हणतात. मी बारापर्यंत आणलंय, अजून बोलणं चालू आहे.

लाल_माती काका, जत्रेला याल का? कमिटीला अजून पंच मिळालेला नाही.