बॅकहो लोडरच्या सांध्यांत दगडासारखे घट्ट झालेले ग्रीस कसे काढावे?

प्रश्न

नमस्कार. माझा नऊ वर्षे जुना बॅकहो लोडर शेततळी आणि बांधबंदिस्तीच्या कामांवर, बहुतेक काळ्या चिकण मातीतच चालतो. यंदा पावसाळ्यात तो दोन महिने उभा राहिला आणि बूम व डिपर या मागच्या खोदणाऱ्या हाताच्या दोन भागांच्या सांध्यांवर जुने ग्रीस व माती यांचा बोटभर जाडीचा थर वाळून बसला. बकेटकडील दोन निप्पल, म्हणजे ग्रीस भरण्याच्या तोट्या, तर ग्रीस घेतच नाहीत. ग्रीस गन दाबली की ग्रीस निप्पलच्या कडेनेच बाहेर येते. सांधा गॅसबत्तीने तापवून ग्रीस वितळवावे, असे ऑपरेटर म्हणतो. मला ते धोक्याचे वाटते. सील खराब न होता हे कसे साफ करावे?

पहिले उत्तर

आपली शंका रास्त आहे, सांधा तापवू नका. ग्रीस म्हणजे तेल धरून ठेवणारा एक प्रकारचा साबण. काळ ओलांडला की त्यातील तेल निथळून जाते आणि मागे राहतो तो साबण मातीसह घट्ट होतो. नेहमीचे लिथियम ग्रीससुद्धा साधारण १८० अंश सेल्सिअसच्या पुढेच पातळ होऊन ठिबकते, आणि नायट्राइल रबराचे सील त्याच्या बरेच आधी, १०० ते १२० अंशांच्या आसपास, निकामी होऊ लागते. म्हणजे ग्रीस सुटण्याआधी सील जाईल, शिवाय तेलकट थर पेट घेईल तो वेगळाच.

प्रथम बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर हलवून हायड्रॉलिकचा दाब उतरवा. बाहेरचा थर लाकडी पाचरीने खरवडा. स्क्रू ड्रायव्हर सीलच्या ओठाला लागला तर तो चिरतो. उरलेल्या थरावर ब्रशने डिझेल लावून पंधरा-वीस मिनिटे थांबा आणि चिंधीने पुसा. पेट्रोल मात्र वापरू नका, त्याची वाफ ठिणगीने लगेच पेटते. प्रेशर वॉशरचा फवारा सांध्यावर थेट मारू नका, कारण सीलमधून आत शिरलेले पाणी उरलेले ग्रीस धुऊन नेते आणि सांध्याची पिन (ज्या दांड्यावर सांधा फिरतो ती) गंजवते.

खरी अडचण आतल्या वाटेची आहे. निप्पल काढून गनला लावून पाहा. त्यातून ग्रीस येत नसेल तर आतली गोळी अडकली आहे, तेव्हा निप्पलच बदला. येत असेल तर वाट बुजलेली आहे. ती बारीक तारेने मोकळी करून निम्मे डिझेल आणि निम्मे पातळ तेल भरा, रात्रभर ठेवा आणि सकाळी नवे निप्पल बसवून ग्रीस मारा. पिनवर भार असताना एका बाजूची फट बंद राहते, म्हणून ऑपरेटरने सांधा थोडा हलवून थांबवायचा, इंजिन बंद करायचे आणि मगच ग्रीस मारायचे, असे चार-पाच वेळा करा. तरीही वाट सुटली नाही, तर पिन काढून बुशच्या (पिन ज्यात फिरते त्या धातूच्या नळीच्या) खाचा हाताने साफ करण्यावाचून इलाज नाही.

दुसरे उत्तर

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हाताच्या गनमध्येही ४०० बारच्या आसपास दाब तयार होऊ शकतो. अडलेल्या निप्पलवर जोर लावताना पाइप चिरला आणि ग्रीस बोटात शिरले, तर वरून बारीक छिद्रच दिसते आणि सुरुवातीला फारसे दुखतही नाही, पण आतला भाग झपाट्याने सडत जातो. अशा वेळी त्याच घडीला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे.

प्रश्नकर्ता

एक निप्पल बदलले आणि काम झाले. दुसऱ्याची वाट दोन रात्री डिझेल-तेलात ठेवल्यावर मोकळी झाली आणि आधी काळे, मग लालसर ग्रीस आले. आता दुकानदार पॉलियुरियाचे ग्रीस देतो आहे. ते चालेल का?

पहिले उत्तर देणाऱ्याचे पुढील उत्तर

आत लिथियमचे असेल तर त्यात पॉलियुरियाचे मिसळू नका. बऱ्याचदा ही दोन्ही एकत्र आल्यावर मिश्रण पातळ तरी होते किंवा घट्ट तरी. लिथियमचेच, घट्टपणाच्या दोन क्रमांकाचे (डब्यावर NLGI 2) घ्या आणि स्वच्छ नवे ग्रीस दिसेपर्यंत मारा. कडेला बाहेर आलेले नवे ग्रीस मात्र पूर्ण पुसू नका. त्याचे पातळ कडे माती बाहेर थोपवते. आपल्या मातीत बकेटच्या पिनांना दर दहा तासांनी ग्रीस द्यावे. खरवडलेला मळ आणि वापरलेले डिझेल डब्यात जमा करा, ते शेततळ्याच्या बांधावर पडू देऊ नका.