विषय: ईआयचा रिपोर्ट नागपूरहून भरू का? (तातडीचं)

प्रेषक: मीनल

नमस्कार मंडळी,

घाईत लिहितेय, इथे रात्रीचे साडेअकरा वाजलेत. आई सोमवारी न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. मी बुधवारी निघाले. ऑपरेशन झालं, धंतोलीतल्या दवाखान्यात आहे. माझ्या ले-ऑफचं सगळ्यांना माहीतच आहे.

ईआयचा (कॅनडातल्या बेरोजगारी भत्त्याचा) दोन आठवड्यांचा रिपोर्ट रविवारी भरायचा आहे आणि त्यात तो प्रश्न आहे, या काळात कॅनडाबाहेर होतात का. 'हो' म्हटलं की पैसे थांबणार. ईआय थांबला तर बेटर जॉब्स ऑन्टारिओचा, म्हणजे कोर्सचा खर्च देणाऱ्या सरकारी योजनेचा, अर्जही बाद होतो का? पेरोलच्या (पगाराच्या हिशेबाच्या) कोर्सवाले शुक्रवारपर्यंतच जागा धरतो म्हणतात, पाचशे डॉलर डिपॉझिट भरा म्हणून रोज ईमेल येऊन राहिलेत. त्या अर्जासाठी काउन्सेलरची अपॉइंटमेंट मंगळवारी होती, ती हुकणार.

कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

---

प्रेषक: अविनाश

मीनलताई, काकूंची काळजी घे. रिपोर्टचं टेन्शन घेऊ नको. लॉगिन मला पाठव, मी ब्रॅम्प्टनहून भरतो, 'नाही' लिहितो. मागच्या वर्षी आपल्यातल्याच दोघांनी असं केलं, काही झालं नाही. डिपॉझिट मात्र भरून टाक, जागा गेली तर सप्टेंबरपर्यंत बसावं लागेल.

---

प्रेषक: शैला

> लॉगिन मला पाठव, मी ब्रॅम्प्टनहून भरतो

अविनाश, तू मदतीच्या भावनेनं लिहिलंस हे कळतं, पण हे अजिबात करू नका. मीनल, लॉगिन कोणालाही देऊ नकोस. विमानानं देशाबाहेर गेलेल्या प्रत्येकाची नोंद सीमा विभागाकडे असते आणि ती ईआयवाल्यांना मिळते. आमच्याकडे ह्यांनी पुण्याला गेलेले तीन आठवडे लपवले होते. पुढच्या वर्षी पत्र आलं. सगळे पैसे परत, वर दंड. ते पत्र वाचताना ह्यांचा हात थरथरत होता, तो मला अजून दिसतो.

आणि लपवायची गरजच नाही! जवळचं माणूस गंभीर आजारी किंवा जखमी असेल तर त्याला भेटायला सलग ७ दिवस बाहेर राहता येतं, ईआय चालू राहतो. तू बुधवारी निघालीस, रिपोर्ट शनिवारपर्यंतचा. म्हणजे या रिपोर्टमधले सगळे दिवस सातच्या आतले. 'हो' लिही, तारखा दे, कारण विचारलं तर खरं कारण दे. दवाखान्याचा कागद जपून ठेव. त्यापुढचे दिवस मिळणार नाहीत, पण ते आठवडे बुडत नाहीत. परत आलीस की उरलेले सुरू होतात, फक्त ५२ आठवड्यांचा जो काळ असतो त्याच्या आत.

---

प्रेषक: राजेंद्र (रोजगार समिती)

सर्वांना विनंती, असे प्रश्न आधी समितीकडे यावेत. गेल्या वर्षीच्या मार्चच्या सत्रानंतर आम्ही माहितीपत्रक पाठवलं होतं, त्यात यातलं बरंचसं आहे. लिस्टवर उलटसुलट सल्ले गेले की लोक गोंधळतात आणि नंतर विचारणा समितीलाच होते.

मीनल, बेटर जॉब्सचा अर्ज एम्प्लॉयमेंट ऑन्टारिओच्या (प्रांताच्या रोजगार सेवेच्या) केंद्रातूनच होतो, थेट कॉलेजकडून नाही. ले-ऑफ झालेल्या माणसाला ईआय चालू असलाच पाहिजे अशी अट नाही.

---

प्रेषक: अविनाश

त्या पत्रकात बेटर जॉब्सचं अजून सेकंड करिअर असंच जुनं नाव आहे. ते २०२२ मध्येच बदललं. दोन वर्षांचे कोर्स चालतात असंही त्यात आहे, पण नाव बदललं तेव्हा ५२ आठवड्यांपर्यंतचेच घेत होते. मी हे फेब्रुवारीत कळवलं होतं, उत्तर आलं नाही.

शैलाताई, लॉगिनचं मी मागे घेतो. मला सात दिवसांचं माहीत नव्हतं.

---

प्रेषक: राजेंद्र (रोजगार समिती)

पत्रक दुरुस्त करतोय. तीनच माणसं आहोत, सगळे नोकरी सांभाळून. अविनाश, तुझा फेब्रुवारीचा ईमेल मला सापडला, पुन्हा पाठवायची गरज नाही.

---

प्रेषक: शैला

डिपॉझिटबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून परत लिहिते. मीनल, भरू नकोस. मंजुरीच्या आधी भरलेले पैसे योजनेतून परत मिळतील असं धरून चालू नको. मंजुरीच्या आधी पूर्णवेळ कोर्स सुरू केलास तर ईआयही अडचणीत येतो. शुक्रवारची मुदत कॉलेजची आहे, सरकारची नव्हे.

मी २०१९ मध्ये याच योजनेतून कोर्स केला तेव्हा कमाल मदत २८,००० डॉलर होती, फी, पुस्तकं, बसचा पास धरून. माझ्याकडून तीन संस्थांची तुलना मागितली होती, त्यात एक सरकारी कॉलेज हवंच होतं. शिवाय त्या कामाला मागणी आहे हे जाहिराती गोळा करून दाखवावं लागलं. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर बावीस जाहिराती पसरून बसले होते, प्रत्येकीवर तारीख आणि फोन केल्याची वेळ. काउन्सेलरनं सगळ्यात जास्त वेळ तीच फाइल चाळली. तुझ्या पेरोलचा एनओसी कोड (कॅनडाच्या व्यवसायांच्या यादीतला क्रमांक) १३१०२, जाहिराती त्यावरूनच शोध. हे काम तिथं आईच्या खाटेशेजारी बसूनही होईल.

---

प्रेषक: वसंत (लक्ष्मीनगर, नागपूर)

मीनल, मी आता परत इथेच असतो हे तू विसरलीस वाटतं. तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर.

मे महिन्यात तिथले सकाळचे साडेनऊ म्हणजे इथले संध्याकाळचे सात. केंद्राला आजच ईमेल कर, मंगळवारची भेट फोनवर ठेवा म्हण. बहुतेक ठेवतात. फक्त घरून बोलू नकोस, तुमच्याकडचा कूलर मी ऐकला आहे, त्या आवाजात समोरच्याला एक शब्द कळणार नाही. माझ्याकडे ये, मागच्या खोलीत एसी आहे. तेवढा वेळ तुझ्या काकू दवाखान्यात बसतील. आईला रात्रीचं जेवण आमच्याकडूनच येईल, मऊ भात आणि पातळ वरण, डॉक्टरांनी काही पथ्य सांगितलं असेल तर कळव.

दुसरं, आलीच आहेस तर बी.कॉम.च्या ट्रान्स्क्रिप्टचं काम करून घे. कॉलेजनं डिग्रीचं मूल्यांकन मागितलं तर विद्यापीठातून ते बंद लिफाफ्यात लागतं आणि तिथून बसून कोणाकरवी मागवायचं म्हणजे महिनोन् महिने जातात. माझ्या पुतणीचे सात महिने गेले. तिन्ही वर्षांच्या मार्कलिस्ट घरी असतील तर काढून ठेव, उन्हं उतरल्यावर मी स्कूटरवर येतो.

---

प्रेषक: अविनाश

काका, ट्रान्स्क्रिप्ट पेरोलच्या सर्टिफिकेटला लागत नाही. बारावीवर प्रवेश होतो.

---

प्रेषक: वसंत (लक्ष्मीनगर, नागपूर)

या कोर्सला लागत नसेल. पुढं लागलं तर ती पुन्हा इथे येणार का? कपाट उघडायला पाच मिनिटं लागतात.

---

प्रेषक: मीनल

सगळ्यांचे खूप आभार. रिपोर्ट भरला. 'हो' लिहिलं, निघाल्याची तारीख दिली, कारणात आईचा अपघात लिहिला. डिपॉझिट भरलं नाही. कॉलेजला मंजुरीनंतर बोलू असं कळवलं, तर आता जूनच्या अखेरीपर्यंत थांबतो म्हणतात.

केंद्रातून उत्तर आलं, मंगळवारी फोनवर बोलायचं आहे. काका, मी पावणेसातला येते. मार्कलिस्ट सापडल्या, दुसऱ्या वर्षाची मात्र नाही. बाबांच्या कागदांची एक पेटी माळ्यावर आहे, ती उद्या खाली काढते.

शैलाताई, आत्तापर्यंत नऊ जाहिराती झाल्या. आई काल वॉकर धरून दारापर्यंत चालली.