तुमच्या घरात पहिलं मत कोणी दिलं?

विदर्भातल्या खेड्यांत मताचा अधिकार घराघरात वेगवेगळ्या वेळी पोचला. कायद्याचं साल पुस्तकात मिळतं. यादीत नाव कसं चढलं, ते घरच्या म्हाताऱ्यांनाच ठाऊक. त्यांना विचारा नि इथं लिहा. सुरुवात मी करते.

धागाकर्ती, दारव्हा
आमच्या पणजोबांनी १९३७ साली मत दिलं, कारण ते शेतसारा भरत. १९३५च्या कायद्यात मत जमीन, कर किंवा शिक्षणाला बांधलेलं होतं. वावरात राबणाऱ्या सालदाराला ते नव्हतं. १९५१-५२च्या निवडणुकीत दोघं एकाच रांगेत होते. सालदार पुढं, पणजोबा मागं. आजोबा हे फार अभिमानानं सांगत.

अकोल्याकडची
तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. यादीवाला आला तर आजीनं सांगितलं, "थोरल्याची माय." परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगायची रीतच नव्हती. निवडणूक आयोगानं अशी नोंद मानली नाही. देशभरात सुमारे २८ लाख बायांची नावं अशीच गळाली आणि त्यात मध्य प्रदेशातल्या पुष्कळ होत्या. आजीचंही नाव गेलं. शेजारणी मत देऊन आल्या, ही घरी. पाच वर्षांनी यादीवाला पुन्हा आला, तेव्हा सासऱ्यांसमोर म्हणाली, "माह्या बापानं ठेवलेलं नाव हाय, लिहा." १९५७ला तिनं मत दिलं. त्यानंतर एकही निवडणूक सोडली नाही.

भंडारा
आमच्या आजोबांचं मत १९५४च्या पोटनिवडणुकीतलं, बाबासाहेबांना. ज्यांनी १९२८ साली सायमन कमिशनकडे सगळ्या प्रौढांसाठी मताधिकार मागितला, तेच आमच्या मतदारसंघात उभे होते. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. बाबासाहेब हरले. आजोबा रडले, पण मत वाया गेलं असं कधी म्हणाले नाहीत.

वाशीम
वय २१वरून १८ झालं १९८९ला. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. मोठ्या भावानं आणि मी पहिलं मत एकाच दिवशी दिलं.

मेळघाट
आमच्या घरात सगळ्यांची नावं यादीत आहेत. पण मतदान एप्रिलमध्ये आलं की आम्ही वीटभट्टीवर. यायचं तर मजुरी बुडते, भाडं लागतं, आणि उचल घेतलेली असल्यानं मालक सोडत नाही. कामाच्या जागीच मत देता आलं पाहिजे, ही माझी मागणी आहे. भट्टीवरून गावी येऊन कोणी मत दिलं असेल, तर सुट्टी कशी मिळवली ते जरूर लिहा.